पाटावरची रायफल

माझी रायफल स्वस्तातली आहे, हे कुणी विचारायच्या आधीच मी सांगून टाकते. टेक्ससमधल्या आमच्या फ्रिस्कोहून गाडीने दीड तास उत्तरेला गेलं की नेमबाजीची एक रेंज लागते. गवताळ माळ, पत्र्याची एक लांबलचक शेड, पालथं पडून नेम धरायला सिमेंटचे ओटे आणि समोर माळावर उभ्या केलेल्या पोलादी तबकड्या. सगळ्यात लांबची तबकडी हजार यार्डांवर, म्हणजे किलोमीटरला थोडीच कमी. तिथे शनिवारी सकाळी जमणारे लोक आपापल्या रायफलींचं कुळ सांगत बसतात. नळी अमक्याच्या हातची, दस्ता तमक्याने मापाने कोरून दिलेला, वरची दुर्बीण खास मागवलेली. माझी कारखान्यातून शेकड्याने निघणारी, खेळाच्या सामानाच्या मोठ्या दुकानात भिंतीला टांगलेल्या दहांतली एक. दुर्बीणसुद्धा सेलमधली. दुकानातल्या पोऱ्याने मला विचारलं होतं, "मॅम, मिस्टरांसाठी गिफ्ट घेताय का?"

मिस्टर तेव्हा घरी होते आणि त्यांना अजून काही माहीत नव्हतं.

मी विमानाचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. भाग मोजायचा आणि बरोबर की चूक ते सांगायचं, एवढंच माझं काम, आणि ते मी तीस वर्षं करत आले आहे. माझ्या सहीशिवाय एक साधा स्क्रूदेखील दाराबाहेर जात नाही. त्यामुळे मोजमापात मला कुणी शिकवलेलं चालत नाही. अमरावतीला कॉलेजात असताना खाकी गणवेश घालून आम्ही मुली कवायत करायचो, तेव्हा वर्षातून एकदा जुन्या रायफलीने पाच गोळ्या झाडायला मिळायच्या. त्यात माझा नंबर यायचा. नंतर लग्न, अमेरिका, नोकरी, मुलगी, या सगळ्यात ते राहून गेलं. पन्नाशी उलटल्यावर कारखान्यातला एक जण रिटायर झाला आणि निरोप म्हणून आम्हा चार जणांना या रेंजवर घेऊन आला. पहिल्याच दिवशी पुन्हा ती धुंदी चढली. पुढच्याच महिन्यात मी ती रायफल घेतली.

लांबचा नेम हे ताकदीचं काम नाही, हिशेबी स्वभावाचं काम आहे. हजार यार्डांवर पोहोचेपर्यंत गोळी तीन मजले खाली उतरते. नुसतं गाल गार करणारं वारं असलं तरी माणसाच्या उंचीइतकी बाजूला सरकते. म्हणून आधी वाऱ्याकडे बघायचं, गवत कुठे झुकतंय ते बघायचं, दुर्बिणीची चकती मोजून फिरवायची, श्वास अर्धा सोडायचा आणि मग घोडा दाबायचा. दाबल्यावर चार सेकंद काहीच होत नाही. गोळी जाते, लागली तर आवाज परत यायचा असतो, आणि ते चार सेकंद तुम्ही कोण, कुठल्या, तुमची रायफल केवढ्याची, याला काही किंमत नसते.

दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये माझी ती तबकडी वाजली. टण्ण असा बारीकसा आवाज आला. मला इतका आनंद झाला की शेजारच्या ओट्यावरच्या अनोळखी गृहस्थाला मी मिठी मारली. त्या गृहस्थाची रायफल एखाद्या जुन्या मोटारीच्या किमतीची होती आणि सकाळपासून ते गोळ्यांना, वाऱ्याला आणि सूर्याला दोष देत होते. अंगण वाकडं असल्याची तक्रार टेक्ससमध्येही चालते. मला म्हणाले, "त्या रायफलीने?" मी म्हटलं, "याच रायफलीने." मूर्ती लहान पण कीर्ती महान हे त्यांना इंग्रजीत समजावून सांगायचा मी प्रयत्न केला, पण काही जमलं नाही.

आता घरचं सांगते.

माझी मुलगी इथेच जन्मली, इथेच वाढली. इथून वीस मिनिटांवर राहते. लहान मुलांच्या हॉस्पिटलात इमर्जन्सीमध्ये नर्स आहे. मराठी तिला चांगलं समजतं, बोलताना मात्र निम्मं इंग्रजी येतं. रायफल घेतली तेव्हा तिने फक्त भुवया वर केल्या होत्या. पण बाळ झालं, तिची सुट्टी संपत आली आणि शुक्रवारी बाळ माझ्याकडे ठेवायचं ठरलं, तेव्हा ती एके दिवशी माझ्या किचनमध्ये उभी राहिली आणि म्हणाली, "आई, एक सीरियस बोलायचंय."

मी कणीक मळत होते. म्हटलं, बोल.

"हॉस्पिटलमध्ये आम्ही प्रत्येक पेरेंटला विचारतो, घरात गन आहे का. असेल तर लॉक्ड आहे का. मी दिवसातून दहादा विचारते. आणि सगळे म्हणतात, येस, लॉक्ड. ऑल ऑफ देम. मग मी त्यांची मुलं बघते."

"मी त्यांच्यातली वाटले काय तुला? माझी तिजोरी पोलादी आहे. नंबर मला आणि तुझ्या बाबांना सोडून कुणाला माहीत नाही."

"मला माहितेय. तरी मला तुझं प्रॉमिस पाहिजे. रेंज नाहीतर तिजोरी. मध्ये कुठेच नाही. बाळ घरात असो नसो. नाहीतर मी त्याला इथे आणणार नाही."

खरं सांगायचं तर मला राग आला होता. जिची सही झाल्याशिवाय विमान उडत नाही तिला ही कालची पोर अटी घालते! पण बाळ तिच्या खांद्यावर झोपलं होतं आणि त्याची इवलीशी मूठ तिच्या कॉलरला धरून होती. मी पिठाचा हात वर करून शब्द दिला.

आणि तो पाळला. सहा महिने पाळला. शुक्रवारी माझी सुट्टी असते. सकाळी सातला बाळ यायचं, मऊ वरणभात खायचं, माझ्या चष्म्याशी मारामारी करायचं आणि दुपारी माझ्या पोटावर पालथं झोपायचं. मी हलायची नाही. नवरा म्हणायचा, "रेंजवर निदान श्वास तरी सोडतेस." त्या सहा महिन्यांइतकं सुख मला आयुष्यात क्वचितच लाभलं असेल.

मग दसरा आला.

सण मधल्या वारी होता, पण आम्ही इथले लोक सगळे सण शनिवारी करतो. आमच्याकडे शस्त्रपूजा असते. नवऱ्याच्या घरची पद्धत. शस्त्र कधीच नव्हतं, म्हणून इतकी वर्षं आम्ही त्याचा लॅपटॉप, स्क्रू-ड्रायव्हरचा डबा, माझं मोजमापाचं व्हर्निअर, स्वयंपाकघरातली सुरी आणि गाडीची किल्ली पुजत आलो. त्या वर्षी माझ्या डोक्यात आलं, घरात खरंखुरं शस्त्र असताना सुरीला हळदकुंकू का वाहायचं? नवरा जरा घुटमळला. म्हणाला, "राहू दे ना तिजोरीत. तिथेच दाराला कुंकू लावू." मी ऐकते कसली! मी तिजोरी उघडली, बोल्ट काढून पुन्हा आत ठेवला, गोळ्या तर आतच होत्या. बोल्ट म्हणजे रायफलीचा जीव. तो काढला की गोळी भरताही येत नाही आणि झाडताही येत नाही. सगळं मी दोनदा तपासलं.

एका पाटावर रायफल मावेना, म्हणून हॉलमधल्या देव्हाऱ्यासमोर दोन पाट जोडून लाल वस्त्र अंथरलं. नळीत अक्षता जाऊ नयेत म्हणून तोंडाशी कापसाचा बोळा लावला. नवऱ्याने दुर्बिणीला गंध लावलं, दस्त्याला कुंकू, वर झेंडूची माळ. इतकी देखणी दिसत होती की मी फोटो काढून अमरावतीच्या बहिणीला पाठवला. सकाळी अकराला पूजा झाली.

आणि इथे माझं चुकलं. पूजेला मांडलेली वस्तू उत्तरपूजा होईपर्यंत हलवायची नाही, हे माझ्या हाडात भिनलेलं आहे. माझी आई खंडेनवमीला शिवणाच्या मशीनची पूजा केली की दुसऱ्या दिवसापर्यंत कुणाला सुईला हात लावू देत नसे, मग कुणाचा परकर उसवला तरी बेहत्तर. लेक, जावई आणि बाळ साडेसहाला जेवायला येणार होते. मी ठरवलं होतं की सहाला आरती करायची, अक्षता वाहायच्या, रायफल उचलून आत ठेवायची. शब्द मोडतोय असं माझ्या मनाला शिवलंही नाही. मला वाटलं, ती जागा देवाची आहे, मोजण्यात धरायची नाही.

चार वाजता मी पुऱ्या लाटत होते. नवरा शेजारच्यांच्या अंगणात गेला होता. इथे आपटा मिळत नाही, रेडबड नावाच्या झाडाची पानं दिसायला तशीच असतात, तीच आम्ही सोनं म्हणून वाटतो. लेकीची ड्यूटी लवकर सुटली म्हणून ती बाळाला घेऊन एकटीच आधी आली. तिच्याकडे घराची किल्ली आहे. तिने बाळाला हॉलमधल्या गालिच्यावर सोडलं आणि सवयीने आधी हात धुवायला गेली. बाळ तेव्हा रांगत होतं. समोर झेंडूची पिवळीधमक माळ होती.

"आई!"

मी लाटणं हातात घेऊनच धावले. बाळ पाटासमोर फतकल मारून बसलं होतं. एका मुठीत माळ होती. दुसऱ्या हाताने ते नळीच्या तोंडातला कापूस उपटत होतं, आणि अगदी वाकून आत बघत होतं.

लेकीने त्याला उचललं. तिचे हात ओलेच होते. मी काय बोलावं? मी म्हटलं, "अगं, बोल्ट काढलाय. गोळ्या तिजोरीत आहेत. नुसता पाइप आहे तो."

"यू प्रॉमिस्ड, आई."

"पूजेला मांडलं होतं. उत्तरपूजेआधी हलवत नाहीत. सहाला उचलणारच होते मी."

ती देवांकडे बघून म्हणाली, "म्हणजे त्यांचा रूल तू पाळलास. माझा नाही."

हरायची वेळ आली की माझी जीभ सुटते. मी म्हणाले, "तुला काय कळणार यातलं? तू इथली."

बोलून गेले आणि माझं मलाच ऐकू आलं. हीच मुलगी दर रविवारी एक तास गाडीत बसून मराठी शाळेत जायची, अथर्वशीर्ष पाठ म्हणून दाखवायची. बाळाच्या मुठीतली माळ तिने हळूच सोडवली, परत होती तशी रायफलीवर ठेवली आणि निघून गेली. ओंजळीत पानं घेऊन येणारा नवरा तिला ड्राइव्हवेत भेटला. आत आल्यावर त्याने पानं टेबलावर ठेवली आणि विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं. तो म्हणाला, "खरंय तिचं." त्या दिवशी पुऱ्या कुणीच खाल्ल्या नाहीत.

पुढचा शुक्रवार आला आणि बाळ आलं नाही. त्याच्या पुढचाही तसाच गेला. मी फोन केला तर ती अगदी नीट, सभ्यपणे बोलली. "डेकेअर लावलंय, आई. यू शुड रेस्ट." भांडली असती तर बरं झालं असतं. दिवाळीचा फराळ नवरा एकटा देऊन आला. बाळ आता धरून उभं राहतं, असं त्याने सांगितलं. मला हेवा वाटला, नवऱ्याचा. पण ताठा जाईना. बहिणीला, कारखान्यातल्या मैत्रिणीला, भेटेल त्याला मी समजावून सांगत होते की बोल्टशिवाय रायफल म्हणजे लोखंडाचा दांडा. सगळे मान डोलवायचे. त्यातल्या कुणीही मला चूक म्हटलं नाही आणि माझं समाधान मात्र होत नव्हतं.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी रेंजवर लाइन सांभाळायची माझी पाळी होती. आम्ही नेहमीचे लोक आळीपाळीने ते काम करतो. केशरी जाकीट घालायचं आणि कधी फायर, कधी बंद, ते ओरडून सांगायचं. उत्तरेचं गार वारं सुटलं होतं. दहाच्या सुमारास दोन जण रंगाचे डबे घेऊन तबकड्या रंगवायला गाडीतून पुढे गेले. अशा वेळी सगळ्यांनी बोल्ट उघडून ठेवायचे, त्यात प्लॅस्टिकची पट्टी खुपसायची आणि मागे जमिनीवर जी पिवळी रेघ आहे तिच्या मागे यायचं. माणसं परत येईपर्यंत रायफलीला बोट लावायचं नाही.

एक तरुण माणूस रेघ ओलांडून पुढे गेला आणि आपल्या रायफलीवर वाकला. हातात रुमाल होता. दुर्बिणीवरची धूळ पुसत होता बिचारा. मी अशी ओरडले की शेडखालची कबुतरं उडाली.

तो हात वर करून म्हणाला, "मॅम, रिकामी आहे. बोल्ट उघडा आहे, बघा ना."

"ते तुला माहीत आहे," मी म्हटलं. "तिकडे जे पाठ करून रंग लावतायत त्यांना कुठे माहीत आहे? त्यांनी काय तुझ्या भरवशावर उभं राहायचं? मागे ये."

तो गोरामोरा होऊन मागे आला. सॉरी म्हणाला. शेजारचे एक-दोघे माझ्याकडे बघून पसंतीने हसले. आणि मी तिथेच उभी राहिले, कारण माझ्या कानात माझंच वाक्य घुमत होतं. इतके दिवस मी जे गावभर सांगत होते ते हा पोरगा मला चार शब्दांत सांगत होता, आणि मी एका क्षणात त्याला खोटं पाडलं होतं. तो खोटं बोलत नव्हता. मीही बोलले नव्हते. पण दसऱ्याला माझ्या भरवशावर पाठ करून माझी मुलगी उभी होती आणि मी रेघ ओलांडली होती. मला लाज वाटली. माझ्या वयाच्या बाईला सहसा वाटत नाही इतकी लाज वाटली.

त्या दिवशी मी एकही गोळी झाडली नाही. ऑफिसच्या मागे रेंजवाल्याचे लोखंडी लॉकर आहेत, लांबून येणारे लोक भाड्याने घेतात. एक मी घेतला. बोल्ट, गोळ्या, रायफल, सगळं आत ठेवलं, कुलूप लावलं आणि तशीच गाडी लेकीच्या घराकडे वळवली.

दार तिनेच उघडलं. मी आत गेले नाही. उंबऱ्यातच म्हणाले, "मी चुकले. बोल्ट होता की नव्हता, हा प्रश्नच नव्हता. तुला दिलेला शब्द मी मोडला. आणि नंतर जे बोलले ते त्याहून वाईट होतं. रायफल आता घरात नाही, पुन्हा येणार नाही."

मी चुकले हे मी किती वर्षांनी म्हणत होते कोण जाणे. मला वाटलं होतं ती गळ्यात पडेल. तसं काही झालं नाही. ती म्हणाली, "थँक्स फॉर टेलिंग मी, आई. मला थोडा वेळ दे." मी दिला. दुसरं काय करणार होते?

रायफल मी विकली नाही. विकायचं कारणही नव्हतं. आता दीड तास रिकाम्या हाताने जाते आणि रिकाम्या हाताने येते, मध्ये हजार यार्डांवर पाचांतल्या चार तरी बसवते, आणि तीही त्याच स्वस्तातल्या रायफलीने. नवरा म्हणतो, आता शस्त्रपूजा रेंजवर जाऊन कर. मी त्याला सांगितलंय की या वर्षी सुरीच पुजायची.

डिसेंबरात एका शुक्रवारी सकाळी साडेसातला बेल वाजली. लेक होती. किल्ली असून तिने बेल वाजवली होती. रात्रपाळी करून आली होती, अंगावर हॉस्पिटलचेच कपडे, डोळे लाल, कडेवर बाळ. बाळाने मला बघून हात पुढे केले, पण तिने त्याला दिलं नाही. दारातच उभी राहून अनोळखी लोकांशी बोलतात तशा आवाजात तिने विचारलं, "इज देअर अ गन इन धिस होम?"

क्षणभर जुनी मी उसळली. माझ्या दारात, मला? पण ती हाच प्रश्न दिवसातून दहादा विचारते, आणि लोक जे सांगतात त्यावर विश्वास ठेवून ती काय काय बघत आली असेल ते माझ्या डोळ्यांपुढे आलं.

"नाही," मी म्हटलं.

"मी बघू?"

"बघ."

तिने खरंच बघितलं. कपाटं उघडली, पलंगाखाली वाकली, गराजमध्ये जाऊन आली. मी मागे मागे चालत होते, तोंड मिटून. तिजोरीचा नंबर मी सांगितला, तिने स्वतः फिरवला. आत पासपोर्ट होते, माझे दागिने होते आणि रायफलीचा सगळा कप्पा मोकळा होता. तिने त्या मोकळ्या कप्प्यावरून तळहात फिरवला. मग बाळाला माझ्याकडे दिलं आणि हॉलमधल्या सोफ्यावर टेकली, पाचच मिनिटं, म्हणाली.

बूट काढायच्या आधीच तिचा डोळा लागला. लहानपणापासून तिची झोप सावध, भांडं वाजलं तरी उठणारी. बाळ माझ्या कडेवर दिवसभर ओरडत होतं, चमचे आपटत होतं, आणि माझी मुलगी त्या सोफ्यावर दुपारी तीनपर्यंत गाढ झोपली होती.